मैदानाचे पन्नास, लेखीचे शंभर

आमच्या हुद्द्याचं कागदावरचं नाव ‘शारीरिक शिक्षण संचालक’ असं भारदस्त आहे. उमरेडच्या बाजारात मात्र मी शेवटपर्यंत पीटीचा मास्तरच राहिलो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. लहान कला महाविद्यालयात या संचालकाने ज्याचं संचालन करावं असं हाताखाली कोणी नसतंच. मैदानावर चुना तोच टाकतो, विद्यापीठाकडे प्रवेशिका तोच भरतो, संघाला एसटीत बसवून नागपुरात रविनगरच्या मैदानावर तोच नेतो, आणि परत आल्यावर मुली घरी पोचल्या की नाही याचे फोनही तोच करतो.

नागपूरपासून ४५ किलोमीटरवरचं हे गाव. एका अंगाला वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सची, कोळसा खाण, दुसऱ्या अंगाला कऱ्हांडल्याचं जंगल, मधे कापूस, सोयाबीन आणि मिरची. बी.ए.ला येणाऱ्या पोरांच्या घरची चूल यांपैकीच कशावर तरी पेटते. मी स्वतः शिकलो अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. तिथून बाहेर पडताना माझ्या डोक्यात बर्लिन होतं. पुढ्यात आलं ते गोट्यांनी भरलेलं मैदान, दोन फुगलेले व्हॉलीबॉल आणि एक न फुगणारा.

नव्याने रुजू होणारे सहकारी विचारतात, लहान कॉलेजात खेळ आणि अभ्यास दोन्ही सांभाळायचं कसं. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे लिहून काढलं आहे.

१. ‘खेळाडू वर्गात नसतो’ असं कोणी म्हटलं तर हजेरीपट मागा

‘तुमची पोरं सदा मैदानावर, वर्गात दिसत नाहीत,’ हे वाक्य स्टाफरूममध्ये दरवर्षी ऐकावं लागतं. वाद घालू नये. शांतपणे हजेरीपट मागावा. ग्रामीण कला महाविद्यालयाचं उघड गुपित हे की वर्ग रिकामे असतात, आणि ते खेळामुळे नव्हे. जूनजुलैत प्रवेश होतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, आणि मग पोरगा दिसेनासा होतो. कोणी रोवण्याला गेलेला, कोणी सोयाबीन सोंगायला, कोणी बुटीबोरीला कंपनीत. तो पुन्हा उगवतो तो परीक्षेचा अर्ज भरायला. ७५ टक्के हजेरीचा नियम सूचनाफलकावर असतो, तो तिथेच असतो.

सकाळी सव्वासहाला सरावाला येणारा पोरगा मात्र आठ वाजता कॉलेजच्या आवारातच असतो. त्याला वर्गात न्यायला फक्त फाटकापासून खोलीपर्यंतचं अंतर उरलेलं असतं. म्हणून वेळापत्रक समितीकडे माझी पहिली मागणी कायम एकच राहिली: सराव संपल्यावर अर्ध्या तासात पहिला तास लावा. अकरा वाजता लावलात तर मधल्या वेळात पोरगा गावाकडे जाणार आणि वावरात अडकणार.

याला एक पोटकलम आहे, आणि ते मुख्य कलमाइतकंच महत्त्वाचं. घामाने भिजलेल्या कपड्यात कोणतीही मुलगी राज्यशास्त्राच्या तासाला बसत नाही. ती घरी जाते. मग शिक्षक म्हणतात, खेळाडू मुली तासाला थांबत नाहीत. कडी लागणारी एक खोली, एक नळ, भिंतीत चार खुंट्या आणि एक आरसा एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. क्रीडा निधीतून जाळी, बॉल, डंबेल्स आणायला सगळे तयार असतात. कडीला मंजुरी मिळायला वेळ लागतो. ती कडी आधी मागा.

माझं ठाम मत सांगतो. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात खेळ अभ्यासाचा वेळ खात असेल, मला ठाऊक नाही. आमच्याकडे खेळ हाच पोराला कॉलेजात आणून सोडतो. पुढचं काम शिकवणाऱ्यांचं.

२. मैदानाला पन्नास गुण आहेत, लेखीला शंभर

आमच्याकडे पोरगा धावतो तो पदकासाठी नव्हे, भरतीसाठी. हे मान्य करायला क्रीडाप्रेमी मंडळींना जड जातं, पण यात कमीपणा कसला? पोलीस शिपायाची नोकरी म्हणजे घराला पहिला ठरलेला पगार. महाराष्ट्र पोलीस भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावणे २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी वाटणी तीच. आणि लेखी परीक्षा १०० गुणांची: अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण.

हा हिशेब मी क्रीडा विभागाच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवत असे. कारण पोरं पहाटे चारला उठून रस्त्यावर धावतात, १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आणण्यासाठी हाडं झिजवतात, आणि गणिताचं पुस्तक जाहिरात आल्यावर उघडतात. मैदानी चाचणीत पंचेचाळीसच्या वर घेणारा पोरगा लेखीत गळतो, हे दृश्य इतकं नेहमीचं की त्याचं कोणाला नवल वाटत नाही. घरचे म्हणतात, नशीब. मला ते शेकडेवारीचं गणित वाटतं, शब्दशः.

उपाय साधा होता. सरावाच्या शेवटी, शरीर सैल करण्याचे व्यायाम चालू असताना, तोंडी गणितं घालायची. एक पोरगा पाय ताणत असतो आणि दुसरा विचारतो: ताशी १२ किलोमीटर वेगाने १६०० मीटरला किती वेळ? उत्तर आठ मिनिटं. ‘म्हणजे नापास,’ असं तिसरा म्हणतो आणि सगळे हसतात. वेग, काळ, अंतर हा धडा ज्यांना सातवीपासून छळत आला, त्यांना तो स्वतःच्या घड्याळावर कळतो. सरासरी आणि शेकडेवारीचंही तेच. गोळाफेकीचे पाच प्रयत्न लिहून ठेवा, सरासरी काढा, मागच्या आठवड्यापेक्षा किती टक्के वाढ झाली ते सांगा.

मराठी व्याकरणासाठी मी मराठीच्या प्राध्यापकांना मैदानाच्या पायऱ्यांवर बोलावलं. ते आधी नाखूश होते. कवितेचा माणूस, समास-प्रयोग शिकवायचा कंटाळा. पण वर्गात आठ डोकी दिसणाऱ्या माणसासमोर पायऱ्यांवर तीस जण बसले, तेव्हा त्यांचाही नूर बदलला. त्यातले काही पुढे त्यांच्या कवितेच्या तासालाही जाऊन बसले. सगळे नव्हे.

एक प्रश्न हमखास येतो: ‘सर, शिपायाले बारावी पुरते, मंग बी.ए. काहून करावं जी?’ प्रश्न बरोबर आहे. उत्तरही सरळ द्यावं. शिपाई भरतीला बारावी पुरते. फौजदार व्हायला, म्हणजे एमपीएससीमार्फत उपनिरीक्षक व्हायला, पदवी लागते. आणि भरती दरवर्षी निघतेच असं नाही. मधली वर्षं पानठेल्यावर काढायची की पदवी घेत काढायची, एवढाच निर्णय असतो.

रस्त्यावरच्या धावण्याबद्दलही इथेच सांगून टाकतो. नागपूर रस्त्यावर पहाटे अंधारात कोळशाचे ट्रक चालतात. काळे कपडे घालून, कानात गाणी लावून धावणाऱ्या पोरांना मी सरावातून घरी पाठवलं आहे. मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक आखला की १६०० म्हणजे आठ फेऱ्या. कंटाळवाणं आहे. पण सुरक्षित आहे, आणि दर फेरीचा वेळ हाती लागतो.

३. दमणाऱ्या पोराला आळशी म्हणण्याआधी त्याचं रक्त तपासा

ही सूचना विदर्भातल्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाने मनात कोरून ठेवावी. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. पूर्व विदर्भातल्या अनेक समाजांत त्याचं प्रमाण लक्षणीय आहे. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू केली, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडची आरोग्य केंद्रं सोल्युबिलिटीची चाचणी करत होती. साधी चाचणी आहे. संशय आला तर पुढे इलेक्ट्रोफोरेसिस करून पक्कं निदान होतं.

यात दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही दोषी जनुक आलं तर तो रुग्ण. एकाकडूनच आलं तर वाहक. वाहक साधारणपणे ठणठणीत असतो, खेळू शकतो. मात्र कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जिवाच्या आकांताने पळवू नये, श्रम हळूहळू वाढवावेत. रुग्णाचं काय करायचं ते डॉक्टरने सांगायचं, आपण नव्हे. सांधे दुखतात, डोळे पिवळसर दिसतात, अधूनमधून तापाने पडतो, अशा पोराला ‘चल, अजून दोन फेऱ्या’ म्हणणं म्हणजे थेट धोका. म्हणून जुलैत संघनिवडीच्या आधी राष्ट्रीय सेवा योजनेच्या (रासेयो) शिबिराला जोडून तपासणी घ्यावी, आणि निकाल पोराच्या हातात एकट्याला द्यावा. गावात लग्न जुळण्याचे प्रश्न असतात. माझ्या कारकिर्दीत तरी असा एकही कागद सूचनाफलकावर लागला नाही.

मुलींमध्ये दुसरी गोष्ट सापडते, साधी रक्तक्षयाची. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं. तपासणीत नऊ-दहाचे आकडे निघतात तेव्हा कोणी दचकतही नाही. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू-पेरूबरोबर घ्याव्यात, हे मात्र सांगणारं कोणी हवं. मी गृहअर्थशास्त्राच्या बाईंना सांगितलं. त्यांनी त्यावर एक प्रकल्पच करवून घेतला: खेळाडू मुलींचा सात दिवसांचा आहार. त्यातून निघालं की अर्ध्याअधिक मुली सकाळी नुसत्या काळ्या चहावर सरावाला येत होत्या. ती वही मी संस्थेच्या बैठकीत ठेवली, तेव्हा कुठे भिजवलेल्या चण्यांची आणि फल्लीदाण्यांची सोय झाली. माझ्या भाषणांनी ती झाली नव्हती. अभ्यासाने खेळाला केलेली एवढी थेट मदत मी दुसरी पाहिली नाही.

४. हिवाळी परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर आदळणारच

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सप्टेंबरपासून जोर धरतात आणि विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षाही त्याच सुमारास येतात. पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी विद्यापीठ संघाचं शिबिर लागतं. दरवर्षी आपण नव्याने चकित होतो. त्यापेक्षा जुलैतच दोन्ही तारखा एका कागदावर लिहाव्यात, नसतील तर मागच्या वर्षीच्या लिहाव्यात, आणि ज्या विषयांचे अंतर्गत गुण आहेत त्या शिक्षकांकडे स्वतः जाऊन बसावं. पत्र पाठवू नये. पत्र फायलीत जातं, चहा पोटात जातो.

नव्या शैक्षणिक धोरणाने संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून खेळ, योग, रासेयो यांना श्रेयांक मिळाले. चांगलं झालं. पण श्रेयांक आले की त्यापाठोपाठ वही, सही आणि फोटो येतात, आणि मैदानावर न फिरकलेलेही ‘खेळ व तंदुरुस्ती’त उत्तीर्ण होतात. या बाबतीत मी जुन्या वळणाचा आहे. घड्याळात न दिसलेला वेळ मी वहीत लिहीत नाही.

५. मुलींचा संघ बसच्या वेळापत्रकावर उभा असतो

कबड्डीचा मुलींचा संघ बांधायचा तर आधी एसटी डेपोत जावं. सिर्सी, बेला, मकरधोकडा, भिवापूरकडच्या कोणत्या गावाला शेवटची गाडी किती वाजता, हे लिहून घ्यावं आणि त्यावर सराव बेतावा. साडेपाचची गाडी चुकली की प्रश्न फक्त त्या संध्याकाळचा राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती मुलगी येत नाही, तिसऱ्या दिवशी बाप येतो.

एकदा एक बाप आला. पांढरा दुपट्टा, हातात पिशवी. ‘सर, पोरीले कब्बड्डी खेळून काय भेटन? अंधार पडते यायले, लोकं नावं ठेवतेत.’ मी पदकाबिदकाचं बोललो नाही. म्हटलं, काकाजी, उद्या सरावाला बसा येऊन. ते आले. झाडाखाली बसून राहिले, पाहत. त्यांची मुलगी डावा कोपरा धरायची. समोरची चढाई करणारी तिच्याहून चांगली अर्धा हात उंच होती. पोरीने घोटा धरला तो सोडलाच नाही. बाप उठला, दुपट्टा झटकला आणि म्हणाला, ‘घरी बकरी आवरत नाही हिले.’ त्यानंतर तो स्वतः फाट्यावर सायकल घेऊन उभा राहू लागला. सगळे बाप असे नसतात. काही मुली सरळ थांबल्या, आणि त्यांच्या घरी जाऊनही काही हाती लागलं नाही.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. शहरात त्यावर विनोद झाले. आमच्याकडे आई पहिल्यांदा सामना बघायला नागपूरला आली ती यामुळे. क्रीडा विभागाच्या कोणत्याही योजनेने जे केलं नाही ते या निम्म्या तिकिटाने केलं, असं मी म्हणतो आणि सहकारी हसतात.

आणखी एक. मिरचीच्या दिवसांत भिवापूर-कुहीकडच्या मुली सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, देठ खुडायला जातात. रोजी महत्त्वाची असते, तिथे उपदेश करू नये. सराव पहाटे घ्यावा आणि त्या आठवड्यांत अभ्यासासाठी दहा पानांच्या वर काही देऊ नये. मिरचीने झोंबलेल्या हातांनी डाव टाकता येतो. पेन धरायला जास्त त्रास होतो, असं एका मुलीनेच मला सांगितलं.

६. जागेला परवडेल तोच खेळ धरावा, आणि पावसात बुद्धिबळाचा पट काढावा

कबड्डीला १३ बाय १० मीटर लागतात, खो-खोला २७ बाय १६. दोन खांब, चुना, मऊ माती. एवढ्यात दोन संघ उभे राहतात. आमच्यासारख्यांनी टेनिसचं कोर्ट बांधायच्या गोष्टी करू नयेत; उद्घाटन होतं, मग तिथे गाड्या लागतात. खो-खोला आता कोणी गावठी म्हणत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्या आठवड्यात आमच्या मैदानावर गर्दी झाली होती. पुढच्या आठवड्यात ती ओसरली. तेही लिहायला हवं.

पटाची कल्पना मला वाचनातून सुचली. अमेरिकेत छोट्या कला महाविद्यालयांची मोठी परंपरा आहे. त्यातल्या अॅमहर्स्ट आणि विल्यम्स या दोन कॉलेजांत १ जुलै १८५९ रोजी तिथला पहिला आंतरमहाविद्यालयीन बेसबॉल सामना झाला. अॅमहर्स्टने तो ७३-३२ असा जिंकला. मला आवडतं ते पुढचं: त्याच दोन कॉलेजांनी दुसऱ्या दिवशी बुद्धिबळाचा सामना खेळला, आणि तोही अॅमहर्स्टनेच जिंकला. हे वाचल्यावर मी पावसाळ्यातल्या रिकाम्या सकाळींसाठी चार पट आणले. वाचनालयाच्या व्हरांड्यात ते मांडले, मुद्दाम. पट आत नेऊ दिला नाही. पण पाऊस वाढला की पोरं आपोआप आत सरकायची आणि मासिकांच्या टेबलाशी बसायची. ग्रंथपाल आधी कुरकुरले, मग तेच घोडा चालवू लागले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेतला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा व्हरांड्यातले पट कमी पडले म्हणतात. मी तोवर निवृत्त झालो होतो.

७. ‘नापास झालास, आता मैदान बंद’ ही शिक्षा शिक्षकाला सोयीची, पोराला नव्हे

ज्याला खेळामुळे कॉलेजची गोडी लागली त्याचा खेळच काढून घेतला की तो वाचनालयात जाऊन बसेल, ही कल्पना वाचनालयात वाढलेल्या माणसाची आहे. तो घरी जातो. विषय राहिलेल्या पोराला मी सरावाला येऊ देत असे, पण सामन्याच्या संघात घेण्याआधी त्या विषयाच्या शिक्षकाची चिठ्ठी मागत असे: हा या आठवड्यात तीनदा भेटला. गुणांची अट नव्हती, भेटण्याची होती. इंग्रजीचा धसका घेतलेली पोरं या निमित्ताने पहिल्यांदा इंग्रजीच्या शिक्षकांशी एकटी बोलली. तीन ओळींचा अर्ज लिहिता येऊ लागला, तेवढ्यावरही काही जण तरले.

८. उमेश यादवचं उदाहरण जपून द्यावं

वल्नीच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. सैन्यात आणि पोलिसांत जाण्याचा प्रयत्न फसला, वेगवान गोलंदाजी उशिरा सुरू केली, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये भारताकडून कसोटी. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला पहिला खेळाडू. खाणीच्या गावात ही गोष्ट किती जवळची वाटते हे सांगायला नको. वेकोलिच्या वसाहतीतल्या प्रत्येक घरात एक तरी पोरगा लेदर बॉल घेऊन फिरतो.

पण ही गोष्ट पोरं उलटी वाचतात. ‘उमेश भरतीत राहिला म्हणून मोठा झाला, मंग आपण अभ्यास काहून करावा?’ मी त्यांना विचारत असे, त्याच्याबरोबर त्याच दिवशी त्याच भरतीत नापास झालेल्या दुसऱ्या कोणाचं नाव सांग. सांगता येत नसे. ज्यांची नावं कोणाला माहीत नाहीत त्यांचाच विचार कॉलेजने करायचा असतो. उमेशचा विचार करायला निवड समिती आहे. त्यातही एक खरं की त्याच्यासारखा चेंडू टाकणारा पोरगा समोर आलाच, तर त्याला अडवू नये आणि थेट नागपूरला चांगल्या क्लबात धाडावं. लहान कॉलेजाकडे त्याला देण्यासारखं फार काही नसतं.

९. प्रमाणपत्रांचा हिशेब पहिल्या वर्षापासून ठेवा

विद्यापीठाचा कलर कोट मिळालेला पोरगा गावात निळ्या कोटात फिरतो, मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतो. निघू द्यावी, लागू द्यावा. मात्र त्याच आठवड्यात त्याला खाली बसवून सांगावं की शासकीय नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण कोटावर मिळत नाही. कोणत्या गटाच्या पदाला कोणत्या पातळीचं यश लागतं ते शासन निर्णयात लिहिलेलं असतं, आणि नुसतं आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्र त्याला पुरत नाही. जे पुरतं तेही क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून ही पडताळणी कडक झाली आहे. एखादा ओळखीचा माणूस ‘प्रमाणपत्राचं बघून देतो’ म्हणाला, तर त्याचा चहासुद्धा पिऊ नये.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का ते स्पर्धेच्या मैदानावरच पाहावं. नंतर दुरुस्तीला फेऱ्या घालाव्या लागतात आणि आयोजक सापडत नाहीत. वडिलांचं नाव कुठे आहे, कुठे नाही, तारीख इंग्रजीत आहे की मराठीत, सगळं बघावं. मी प्रत्येक खेळाडूची एक फाइल करत असे. तिच्यात निवडपत्र, प्रवेशिकेची प्रत, निकालपत्रक आणि प्रमाणपत्राच्या दोन झेरॉक्स. मूळ प्रत घरी ठेवायची तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत, भिंतीवर फ्रेम करून नव्हे. आमच्याकडची कौलं ऑगस्टमध्ये गळतात आणि शाई आधी सहीची जाते.